अंगावरचं दूध

बाळ झाल्याचा फोन खुशालकाकांनी केला. दूध आल्याचा फोन मनकर्णाकाकूनं स्वतः केला.

"वर्षे, आलं," ती म्हणाली. "दोन्ही बाजूनं. येजो पाहाले."

मला हसू आलं. दूध काय पाहायचं? पण मी गेले. वर्ध्याच्या ज्या वाचनालयात मी काम करते, तिथून तो मोठा दवाखाना ऑटोनं दहा मिनिटांवर आहे. काकू खाटेवर भिंतीला टेकून बसली होती. मांडीवर बाळ. ती मान खाली घालून त्याच्याकडे बघत होती, आणि दर थोड्या वेळानं वर बघून खात्री करून घेत होती की आम्हीही बघतो आहोत.

ती चव्वेचाळीस वर्षांची आहे. मी चोवीस. हिंगणीत आमची घरं लागून आहेत. तिची भाजीची वाडी कालव्यावर आहे. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर. संध्याकाळी ती सांबाराच्या जुड्या बांधायची आणि मी तिला वाचून दाखवायची. ती सातवी शिकली, मी मराठीत एम.ए. केलं. कथा तिला आवडायची. कविता संपली की ती विचारायची, "मंग पुढं?"

"कवितेत पुढं नसते काकू."

"मंग काऊन लिहिली?"

अशी आमची मैत्री.

पाळी थांबली तेव्हा तिला वाटलं, वय झालं. चौथा महिना लागल्यावर कळलं. दवाखान्याच्या कार्डावर तिचं वय लाल शाईनं लिहिलं आणि त्याला गोल केला. तिनं तो गोल मला दाखवला. "जोखमीची माता म्हणतात मले," ती म्हणाली. लाजलीही आणि खूशही झाली. त्या वयासाठी जेवढ्या तपासण्या सांगितल्या तेवढ्या तिनं केल्या. सोनोग्राफी, साखर, रक्त. सगळं चांगलं निघालं.

गावात हसणारे हसले. तिची जाऊ शकुबाई सगळ्यांत जास्त. शकुबाईच्या दोन सुना बाळंत होऊन गेल्या होत्या.

"पोट्टं होईनही," शकुबाई म्हणाली. "पण पाजशील काय? या वयात आंगावर दूध येते का?"

हे काकूला लागलं. बाकीचं तिनं सोडून दिलं, हे धरून ठेवलं. शतावरी घेतली, हाळीव खाल्ले, जवस कुटून भाकरीशी खाल्ला. म्हणून तो फोन.

मी गेले त्याच दिवशी, बाळाच्या तिसऱ्या दिवशी, नलू सिस्टर बाळाच्या टाचेतून रक्त घ्यायला आली. नालवाडीची, गोल चेहऱ्याची, भराभर बोलणारी. तिच्या हातात जाड कागदाचं एक कार्ड होतं. त्यावर छापलेले गोल. टाचेला बारीकशी सुई टोचली. एकेका गोलावर एकेक थेंब टेकवला.

"एवढ्याश्या टाचेतून काऊन रक्त काढून राह्यल्या?" काकूनं विचारलं. "माह्या वयामुळं?"

"नाही ओ काकू. वीस वर्षांच्या पोरीच्या बाळाचंही काढतो आपण. काही आजार बाहेरून दिसत नाहीत. लवकर कळले तर औषध लागू पडते."

फॉर्म मी भरला. बाळाला नाव नव्हतं, म्हणून 'मनकर्णाचं बाळ' लिहिलं. मोबाईल नंबर विचारला. खुशालकाकांच्या फोनला वाडीत रेंज नसते. मी माझा दिला.

पाचव्या दिवशी ती घरी आली.

घरी शकुबाई तयार होती. तिनं काकूची छाती दोन्ही बाजूंनी दाबून पाहिली, जशी ती वांगी दाबून बघते, आणि निकाल दिला. "पुरत नाई. वरचं द्या लागते." गाईचं दूध, पाणी घालून, वाटीनं, सकाळ-संध्याकाळ. अंगावरचं म्हणजे आईचं. वरचं म्हणजे गाईम्हशीचं, डब्याचं, दुसरं कुठलंही. बाळाच्या ओठांवर शकुबाईची वाटी लागली की काकू तोंड फिरवून बाहेर बघत बसायची.

सातव्या दिवशी बाळाचे डोळे पिवळे दिसले. दोनदा ओकलं. झोपून राहू लागलं.

"कावीळ सगळ्याइलेच होते," शकुबाई म्हणाली. "कवळ्या उन्हात ठेव."

आठव्या दिवशी मी एसटीनं घरी येत होते. सेलू सोडल्यावर फोन वाजला. नलू सिस्टर होती. गाडी खडखडत होती. रेंज येत-जात होती.

"वर्षाली ना? मनकर्णाच्या बाळाचा रिपोर्ट आला आहे. त्याचं... वरचं दूध लगेच बंद करा. पूर्ण बंद. आणि सकाळी पहिल्या गाडीनं घेऊन या, उशीर नको..."

मग आवाज तुटला.

निरोप स्पष्ट होता. मी परत फोन केला नाही. गाईचं दूध एवढ्या लहान बाळाला पचत नसेल, असं मी स्वतःशी ठरवूनही टाकलं.

घरी पिशवी ठेवली आणि तशीच काकूकडे गेले. सगळ्यांसमोर सांगितलं. "दवाखान्यातून फोन होता. वरचं दूध बंद करायला सांगितलं. पूर्ण बंद."

शकुबाईच्या हातात वाटी होती. "म्हणजे? मी काय इख पाजून राह्यली होती?"

"डाक्टरनं सांगतलं बाई," काकू म्हणाली. "मी नाई."

असा चेहरा तिचा मी आधी पाहिला नव्हता. सरळ बसली. बाळाला उचललं, तळपायाला टिचक्या मारून जागं केलं, आणि छातीशी लावलं. शकुबाई तिथं होती तरी पदर घेतला नाही.

"पी माह्या बापू," ती म्हणाली. "आता सगळं तुह्यंच हाये."

रात्री उशिरापर्यंत तिनं त्याला पाच वेळा जागं करून पाजलं. मी तिथंच होते. मला बरं वाटत होतं.

सकाळच्या पहिल्या गाडीनं आम्ही गेलो. काका, काकू, मी. बाळ काकूच्या छातीशीच होतं, पण नीट ओढत नव्हतं. वॉर्डच्या दारात नलू सिस्टर वाट बघत होती.

"दूध कधी बंद केलं?"

"कालच, पाचला," मी म्हणाले. "वरचं थेंबभरही दिलं नाही."

"वरचं?"

"हो. तुम्ही सांगितलं ना."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग काकूच्या पदराकडे.

"मी अंगावरचं म्हटलं होतं," ती म्हणाली. "अंगावरचं."

दोन अक्षरं गळली होती. नलू सिस्टर खाली वाकली. बाळाच्या ओठांच्या कोपऱ्यात करंगळी घातली. टच् असा बारीक आवाज झाला आणि बाळ सुटलं. काकू नुसती वर बघत होती. तिला अजून कळलं नव्हतं. मला कळलं होतं.

बाळाला आत नेलं. सलाईन लावली. थोड्या वेळानं एक तरुण डॉक्टरीण बाहेर आली आणि खुर्ची ओढून आमच्यासमोर बसली. तिनं घाई केली नाही. दुधात एक साखर असते, ती म्हणाली. आईच्याही दुधात असते, गाईच्याही, शेळीच्याही. आपल्या अंगात ती मोडते. या बाळाच्या अंगात मोडत नसावी. मग ती साचते. यकृतावर जाते, डोळ्यांवर जाते, मेंदूवर जाते. गॅलॅक्टोसेमिया असं नाव आहे. फार थोड्या बाळांना असतो. या बाळाला तो आहे अशी दाट शंका आहे. पक्कं सांगायला दुसरं रक्त मोठ्या लॅबमध्ये पाठवावं लागेल. दहा दिवस लागतील. तोवर कुठलंच दूध नाही. सोयाबीनची पावडर पाण्यात कालवून द्यायची.

"सोयाबीनची?" खुशालकाका म्हणाले. "आपण दरसाल मार्केटात पोतेच्या पोते नेऊन टाकतो मॅडम. घरी कोणी तोंडात घालत नाई."

"आता हा घालेल," डॉक्टरीण म्हणाली.

काकूचा एकच प्रश्न होता. तो तिनं कार्ड पुढे करून विचारला, लाल गोलावर बोट ठेवून.

"यानं झालं का?"

"वयानं? नाही. या आजाराचा वयाशी संबंध नाही. एक दोष आईकडून यावा लागतो, एक वडिलांकडून. तुमच्या दोघांतही तो लपलेला असणार. त्यानं तुम्हाला काही होत नाही. दोन्ही एकत्र आले तरच बाळाला होतं. तुम्ही वीस वर्षांच्या असतानाही हे असंच होऊ शकलं असतं."

काकूनं कार्ड मांडीवर ठेवलं. त्याच्या कडेवरून बोट फिरवत राहिली.

"एकवीसची होती मी," ती म्हणाली. "तवा पोरगा झालता. असाच पिवळा पडला. बाराव्या दिवशी गेला."

तेव्हा मी वर्षभराची असेन. आमच्या घरांमध्ये एकच भिंत आहे. इतक्या संध्याकाळी आम्ही एकत्र बसलो. मला कोणी कधी सांगितलं नव्हतं.

"लोक म्हणाले, हिचं दूध लेकराले लागत नाई," काकू म्हणाली.

डॉक्टरीण म्हणाली, "त्यालाही हेच असू शकेल. आता खात्रीनं नाही सांगता येणार. पण तेव्हा ही तपासणी नव्हती. कळायला मार्गच नव्हता. तुमची चूक तेव्हाही नव्हती, आताही नाही."

खुशालकाका इतका वेळ टोपीशी खेळत होते. त्यांनी विचारलं, "म्हणजे अर्धं माह्यं हाये?"

"हो. बरोबर अर्धं."

ते उठले आणि व्हरांड्यात गेले. शकुबाईला फोन लावून मोठ्यानं बोलू लागले, जसं ते नेहमी बोलतात. सगळा वॉर्ड ऐकत होता. "वैनी, ऐकून घ्या. अर्धं माह्यं हाये. डाक्टरनं सांगतलं. आता हिले एकटीले कोणी बोलाचं नाई. त्या पहिल्याचंबी नाई." थोडं थांबून, "हो, जेवण आणजा. पिठलं आणजा."

मी काकूजवळ बसले. काय बोलायचं ते वाक्य मी मनात तीनदा जुळवलं होतं. तोंडातून अर्धंच निघालं. "काकू, काल मी..."

"तुले जेवढं ऐकू आलं तेवढं तू सांगतलं."

"मी परत फोन करायला पाहिजे होता."

"मीही म्हटलं नाई ना, लाव म्हणून." ती आतल्या दाराकडे बघत होती. "मले जे पाह्यजे होतं तेच तू घेऊन आली. मंग मी कायले पुन्हा विचारू? सातव्या दिवसापासून पोट्टं झोपून हाये, हे मले दिसत नव्हतं का?"

मी रडले. तिनं मला रडू दिलं. मग म्हणाली, "जा, चाय घेऊन ये. साखर जास्त सांगजो."

नलू सिस्टरनं तिला दूध काढायला शिकवलं. दर तीन तासांनी, स्टीलच्या वाटीत. "दुसरा रिपोर्ट चांगला आला तर पुन्हा पाजता येईल," ती म्हणाली. "तोवर दूध आटायला नको."

त्या शब्दावर काकू दहा दिवस राहिली. पुन्हा पाजता येईल.

दवाखान्यातल्या तिसऱ्या दिवसापासून बाळ सुधारलं. डोळ्यांचा पिवळेपणा उतरू लागला. वाटी-चमच्यानं सोयाचं पाणी पिऊ लागलं. रडू लागलं. एकदा रडायला लागलं की दुसऱ्या टोकाच्या खाटेवरची बाई उठून बसायची. तो रडला की काकूचं दूध वाहू लागे. मधे काचेचं दार असे.

पण जितकं बाळ सुधारत होतं, तितका दुसरा रिपोर्ट काय येणार हे आम्हाला कळत होतं. दूध बंद केल्यावरच ते सुधारलं होतं. हे कोणी बोललं नाही. काकू वाटी भरत राहिली.

भरलेली वाटी मोरीत ओतायला ती तयार नव्हती. पाय पडेल तिथं टाकायचं नाही, असं आमच्याकडे मानतात. दवाखान्याच्या मागच्या अंगणात जास्वंदीची दोन झाडं आहेत. त्यांच्या बुडाशी ती ओतून यायची.

एका दुपारी शकुबाई डबा घेऊन आली. काकू नुकतंच दूध काढून बसली होती. वाटी काठोकाठ होती. शकुबाईनं वाटीत पाहिलं.

"हे तुह्यं?"

"हो."

"एवढं येते तुले?"

शकुबाईनं डबा खाली ठेवला. वाटी दोन्ही हातांनी उचलली. कोणाची नजर लागू नये म्हणून वर पदर धरला. जास्वंद कुठं आहे ते मला विचारलं आणि एक थेंब न सांडता हळूहळू चालत गेली. परत आल्यावर तिनं रिकामी वाटी स्वतः विसळली. म्हणाली, "पिठल्यात तेल जास्त झालं आज." त्या दिवशी ती एवढंच बोलली.

रिपोर्ट रक्त पाठवल्यापासून अकराव्या दिवशी आला. डॉक्टरणीनं तो आधी वाचला होता. तिच्या चेहऱ्यावरून कळलं.

"हेच आहे," ती म्हणाली. "दूध कायमचं बंद. मोठा झाल्यावरही. दूध, दही, ताक, पेढा, काहीच नाही. डोळे आणि बोलणं वेळोवेळी तपासावं लागेल. पण आपल्याला वेळेत कळलं काकू. बारा दिवसांच्या आत दूध बंद झालं."

बारा हा आकडा तिनं सहज वापरला असेल. काकूनं मान हलवली.

"मंग आता काढाचं बी नाई?"

"हळूहळू कमी करा. एकदम नको, गाठी होतील. नलू सांगेल."

नलू सिस्टरनं सांगितलं. सुती कापडानं छाती बांधायची. फार घट्ट नको. कोबीची पानं ठेवायची. काकू म्हणाली, "कोबी यंदा लावली नाई आम्ही." आणि मग ती रडली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. कोबीवरून.

सुट्टी मिळाली तेव्हा बाळ बावीस दिवसांचं होतं. भाजी तोडायची म्हणून काका आदल्या दिवशीच गावी गेले होते. काकूला घेऊन मी हिंगणीच्या एसटीत बसले. पिशवीत पावडरचा डबा, उकळलेल्या पाण्याचा थर्मास, वाटी, चमचा. समोरच्या सीटवर साठीची एक बाई होती. पायाशी तुरीच्या शेंगांची थैली, डोक्याला दुपट्टा.

पवनारच्या पुढं बाळ उठलं आणि ओरडायला लागलं. काकूनं डबा काढला.

"नातू काय वो?" बाईनं विचारलं.

काकू झाकण उघडत होती.

"मायनं डब्यावर टाकलं काय एवढ्याश्याले? आजकालच्या पोरी, आंगावर पाजाचं म्हटलं का जीवावर येते त्याइच्या." मग तिची नजर माझ्यावर आली. "हे माय काय त्याची? काऊन वो, दूध नाई काय तुले? का फिगर सांभाळून राह्यली?"

मी तोंड उघडलं. काकूनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"नातू हाये," ती म्हणाली.

मी तिच्याकडे बघितलं. तेवीस वर्षं तिनं वाट पाहिली होती. आणि आता ते आईपण ती एका वाक्यात सोडून देत होती. आजीला कोणी विचारत नाही, वाटीनं का पाजते म्हणून.

बाळाचा आवाज वाढला. काकूच्या एका हातात बाळ होतं, दुसऱ्या हातात डबा. थर्मास मांडीत. बांधलेलं कापड पुरलं नाही. ब्लाउजवर आधी एक ओला ठिपका उमटला, मग दुसरा. दोन्ही पसरत गेले. पदर ओढायला तिच्याकडे हात नव्हता. माझ्या लक्षात यायच्या आत ते समोरच्या बाईच्या लक्षात आलं.

तिनं बराच वेळ पाहिलं. मग डोक्याचा दुपट्टा सोडला, पुढं वाकली, आणि काकूच्या छातीवरून घेऊन दोन्ही खांद्यांमागं नीट खोचला.

"आण तो डबा," ती म्हणाली. "मी धरतो. किती टाकू?"

"दोन," काकू म्हणाली. "सपाट. शीग नको."

बाईनं दोन सपाट मापं टाकली. मी पाणी ओतलं. काकूनं कालवलं, थेंब मनगटावर टाकून पाहिला. पहिला चमचा ओठांना लागला तसं बाळ गप्प झालं. गाडी खड्ड्यातून गेली तेव्हा बाईनं वाटीखाली हात धरला. थेंबही खाली सांडू दिला नाही.

वाटी अर्धी झाली.

"नाव काय ठेवलं?" बाईनं विचारलं. आवाज आता वेगळा होता.

"बारसं राह्यलं अजून."

"तरी? त्याची माय काय म्हणते त्याले?"

काकू चमचा भरत होती. तो तिनं बाळाच्या तोंडाशी नेला, रिकामा होईपर्यंत थांबली, हनुवटीवरचा ओघळ बोटानं पुसला.

"मी?" ती म्हणाली. "मी बापू म्हणतो."